कॅपाब्लांकाला नमवणारा सुलतान

जळगाव किंवा धुळ्यात रविवारी भरणाऱ्या एखाद्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहात डोकावून पाहावे. टेबलांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ, आणि भिंतीला टेकून उभे असलेले पालक. यातल्या कुठल्याही मुलाला आवडत्या खेळाडूंची नावे विचारली, तर विश्वनाथन आनंद, गुकेश, नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही नावे एका दमात येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताने पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले, डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश विश्वविजेता झाला आणि जुलै २०२५ मध्ये दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यामुळे ही नावे मुलांच्या ओठांवर असणे स्वाभाविकच आहे.

मात्र, विश्वविजेतेपद भूषवलेल्या खेळाडूला स्पर्धेच्या पटावर हरवणारा आपल्या मातीतला पहिला मोठा खेळाडू कोण, असा प्रश्न केला, तर मुलेच काय, सोबतचे पालकही बुचकळ्यात पडतात. त्या खेळाडूचे नाव मीर सुलतान खान. इंग्लंडमध्ये १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी क्यूबाच्या होजे राऊल कॅपाब्लांकाला ६५ चालींत नमवले. आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला १९८८ मध्ये. म्हणजे ही घटना त्याच्याही ५७ वर्षे आधीची.

सुलतान खान यांची गोष्ट जेव्हा जेव्हा सांगितली जाते, तेव्हा ती एखाद्या चमत्कारासारखी सांगितली जाते. कुठल्याशा खेड्यातला, इंग्रजी न येणारा, नवाबाच्या पदरी असलेला एक तरुण विलायतेला जातो आणि भल्याभल्यांना धूळ चारून परत येतो, असे तिचे ठरलेले स्वरूप आहे. ऐकायला ती गोड वाटते. परंतु चमत्कार म्हटले की विचार थांबतो. कॅपाब्लांकाविरुद्धचा तो डाव नीट पाहिला, तर त्यामागे दैवी कृपेपेक्षा एक जुने, पक्के शिक्षण दिसते, आणि ते शिक्षण युरोपातले नव्हते.

देशी पटावरची तालीम

सुलतान खान यांचा जन्म १९०३ चा. जुन्या नोंदींत १९०५ हे साल आढळते. पश्चिम पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या सरगोधा परिसरातील मिठा टिवाना हे त्यांचे गाव. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी, मियाँ निजामुद्दीन यांनी, त्यांना बुद्धिबळ शिकवले. विशीत आल्यावर पंजाबातील सर्वांत बलाढ्य खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते जे बुद्धिबळ शिकले, ते आज स्पर्धांत खेळले जाणारे बुद्धिबळ नव्हे. तो होता देशी खेळ. प्रांताप्रांतांनुसार त्याच्या नियमांत थोडाफार फरक पडत असे. पण मुख्य गोष्टी समान होत्या. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा नव्हती, ते एकेक घरच सरके. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचेल, ते मोहरे त्याला व्हावे लागे. किल्लेकोट करण्याची सोय नव्हती. त्याऐवजी राजाला, शह लागण्यापूर्वी, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. मात कशाने दिली यालाही मोल होते, आणि प्यादेमात ही मोठ्या मानाची समजली जाई.

महाराष्ट्राला हा खेळ परका नव्हता. वाड्यांच्या ओसरीवर आणि देवळांच्या पारावर आपल्याकडेही याच कुळातले बुद्धिबळ रंगत असे. पुण्यात विनायक राजाराम टोपे यांनी १८९३ मध्ये मराठी बुद्धिबळावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. शह आणि काटशह, प्यादे पुढे करणे, अडीच घरे हे शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात रुजले ते या पटावरूनच.

नियमांतील या फरकाचा खेळावर खोल परिणाम होई. प्यादी हळू चालत असल्याने सुरुवातीलाच हाणामारी होत नसे. दोन्ही बाजू आपापली मांडणी सावकाश करत. पाठ केलेल्या चालींवर प्रतिस्पर्ध्याला पहिल्या दहा-पंधरा चालींत गारद करण्याला फारसा वाव नसे. खरी कसोटी लागे ती डावाच्या मध्यावर आणि अखेरीस. राजाला कोपऱ्यातल्या किल्ल्यात दडून बसता येत नसल्याने त्याला पटावर कसे सांभाळायचे आणि मोहरी कमी झाल्यावर त्याच्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे प्रत्येकाला शिकावे लागे. प्याद्याचे मोल तर बालपणापासूनच मनावर ठसे. हीच शिदोरी घेऊन सुलतान खान मोठे झाले.

सर उमर हयात खान यांचा आश्रय

याच परिसरातील कालरा येथील बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांना बुद्धिबळाचे अतोनात वेड होते. लष्करातील सेवा आणि ब्रिटिश सरकारशी असलेली जवळीक यांमुळे त्यांचे दरबारात वजन होते. लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे ते सभासद होते. सुलतान खान यांचा खेळ पाहून त्यांनी त्यांना आश्रय दिला, तनखा बांधून दिला आणि युरोपीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकण्याची सोय केली.

नवे नियम अंगवळणी पडण्यास फार काळ लागला नाही. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान यांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही गमावला नाही. त्यानंतर १९२९ च्या वसंतात सर उमर यांच्यासमवेत ते लंडनला पोहोचले.

लंडनमधील सुरुवात काही आशादायक नव्हती. तेथील खेळाडूंच्या पद्धतीची ओळख व्हावी म्हणून एक छोटी सराव स्पर्धा ठेवण्यात आली. सुलतान खान तीत तळाला राहिले. कारण उघड होते. युरोपात डावाच्या पहिल्या दहा-बारा चालींवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले होते आणि नामवंत खेळाडू ते कोळून प्यालेले असत. इंग्रजी, जर्मन या भाषा अवगत नसल्याने सुलतान खान यांना ती दारे बंद होती. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याबरोबर बसून तयारी करून घेतली. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. साम्राज्यातील सर्व खेळाडूंना खुल्या असलेल्या या स्पर्धेचे विजेतेपद सुलतान खान यांनी पटकावले. विलायतेत पाऊल ठेवून त्यांना जेमतेम काही महिने झाले होते.

या विजयाने अनेकांच्या भुवया उंचावल्या. तथापि, ब्रिटनच्या खेळाडूंना हरवणे वेगळे आणि जगातील अव्वल खेळाडूंसमोर टिकणे वेगळे. ती परीक्षा पुढच्या वर्षी होणार होती. १९२९ च्या हिवाळ्यात मायदेशी परतलेले सुलतान खान मे १९३० मध्ये पुन्हा युरोपात आले. बेल्जियममधील लिएज येथील स्पर्धेत सॅव्हिली टार्टाकोव्हरच्या पाठोपाठ त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. हॅम्बुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर बसले. १७ डावांत नऊ विजय, चार बरोबऱ्या आणि चार पराभव, अशी त्यांची कामगिरी राहिली. आता डिसेंबरअखेरीस हेस्टिंग्जमध्ये त्यांची गाठ कॅपाब्लांकाशी पडणार होती.

बुद्धिबळातले यंत्र

कॅपाब्लांका म्हणजे काय प्रकरण होते, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. हवानात १८८८ मध्ये जन्मलेल्या या खेळाडूने १९२१ मध्ये इमॅन्युएल लास्करला हरवून विश्वविजेतेपद मिळवले. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत स्पर्धांमध्ये त्याने एकही डाव गमावला नव्हता. चुका करतच नाही म्हणून लोक त्याला यंत्र म्हणत. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्स येथे अलेक्झांडर अलेखाइनने त्याचे विजेतेपद हिरावून घेतले, तरी त्याचा दरारा तसूभरही कमी झाला नव्हता. साधी, शांत दिसणारी स्थिती हळूहळू आपल्या बाजूला झुकवत नेणे आणि डावाच्या अखेरीस प्रतिस्पर्ध्याला श्वासही घेऊ न देणे, ही त्याची हातोटी. थोडक्यात, सुलतान खान यांचे जे बलस्थान, त्यातच कॅपाब्लांका जगात सर्वश्रेष्ठ मानला जात होता. कठीण प्रतिस्पर्धी म्हणतात तो असा.

सुलतान खान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. कॅपाब्लांकाने क्वीन्स इंडियन हा बचाव निवडला. या घराण्यातील बचावांना इंडियन हे नाव मिळण्यामागेही एक भारतीयच आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळताना बंगालचे महेशचंद्र बंदोपाध्याय अशी मांडणी करत असत, त्यावरून ही ओळख रूढ झाली. देशी खेळातली सावकाश मांडणी युरोपात अशी आधीच पोहोचली होती.

पहिल्या वीस चाली दोन्ही बाजूंनी तोलून मापून खेळल्या गेल्या. सुलतान खान यांनी किल्लेकोट केला नाही. राजा मधल्याच घरात ठेवून त्यांनी राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली. कॅपाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती वजिराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीवर एकामागे एक उभे केले. एकविसाव्या चालीला त्याला संधी दिसली. त्याचा एक हत्ती थेट पांढऱ्याच्या शेवटच्या पट्टीत उतरला आणि त्याने राजाला शह दिला. राजा एक घर पुढे सरकला. लागलीच दुसरा हत्ती येऊन पुन्हा शह. सुलतान खान यांनी वजिराने तो हत्ती मारला, वजीर गेला, आणि राजाने दुसरा हत्ती टिपला. काळ्याने दोन हत्ती देऊन वजीर मिळवला होता.

हिशेबाच्या दृष्टीने हा सौदा बरोबरीचा. पटावर मोकळा फिरणारा वजीर अनेकदा दोन हत्तींना पुरून उरतो, आणि समोरचा राजा उघड्यावर असेल तर अधिकच. कॅपाब्लांकाचा अंदाज असाच असावा. पण पांढऱ्याकडे आता दोन हत्ती आणि दोन उंट होते, आणि ही चारही मोहरी एकमेकांना धरून उभी होती. काळ्याचा घोडा मागच्या पट्टीत एका प्याद्याची राखण करण्यात गुंतला होता. त्याच्या उंटाची वाट त्याच्याच प्याद्याने अडवली होती. उरला एकटा वजीर. तो पांढऱ्याच्या घरात शिरला, इकडून तिकडे हिंडला. पण त्याला साथ द्यायला मागे कोणीच नव्हते.

यानंतरच्या तीस-पस्तीस चाली वरवर पाहणाऱ्याला कंटाळवाण्या वाटतील. काळा वजीर दोन घरांत येरझारा घालतो आहे. पांढरा राजा एकेक घर सरकत कोपऱ्याकडे जातो, पुन्हा परततो. हत्ती जागा बदलतात. कोणी कोणाला मारत नाही. येथेच सुलतान खान यांचा कस दिसतो. घाई केली असती, तर वजिराला फट सापडली असती. त्यांनी ती सापडू दिली नाही. आधी एका बाजूची प्यादी जखडून टाकली, मग दुसऱ्या बाजूची. राजाला सुरक्षित घर शोधून दिले. काळ्याकडे सुधारण्यासारखे काही उरले नाही, केवळ वाट पाहणे उरले. ज्या पद्धतीने कॅपाब्लांका इतरांचा गळा आवळत असे, त्याच पद्धतीने त्याच्याभोवती फास आवळला जात होता.

अखेर पांढऱ्याचा हत्ती काळ्याच्या गोटात शिरला. एकसष्टाव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूचे महत्त्वाचे प्यादे मारले आणि त्या वाटेने पांढरे प्यादे पुढे निघाले. ते वजीर होण्यापासून दोन घरांवर असताना, पासष्टाव्या चालीनंतर, कॅपाब्लांकाने पराभव मान्य केला. ज्या देशी खेळात प्याद्याला सर्वाधिक मान, त्या खेळात वाढलेल्या माणसाने जगज्जेत्याला हरवले ते एका प्याद्याच्या बळावर.

स्पर्धेत मॅक्स यूवे पहिला आला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे. तिघांमध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाचेच अंतर होते. पुढे १९३५ मध्ये यूवे विश्वविजेता झाला, यावरून त्या स्पर्धेची पातळी कळावी. कॅपाब्लांका मनाने मोठा होता. युरोपातील शास्त्र न शिकता, अशा प्रतिकूल परिस्थितीतून येऊन जो माणूस विजेता होतो, त्याच्या अंगी असामान्य प्रतिभाच असली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार त्याने सुलतान खान यांच्याविषयी काढले.

चार वर्षांचा झंझावात

हेस्टिंग्जचा विजय हा नशिबाचा खेळ नव्हता, हे पुढच्या तीन वर्षांनी सिद्ध केले. १९३१ मध्ये टार्टाकोव्हरविरुद्ध १२ डावांचा सामना सुलतान खान यांनी चार विजय, पाच बरोबऱ्या व तीन पराभव असा जिंकला. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये पहिल्या पटावर खेळताना त्यांनी आकिबा रुबिनस्टाइन आणि सालो फ्लोर यांना हरवले, तर तत्कालीन विश्वविजेत्या अलेखाइनशी बरोबरी साधली. १९३२ मध्ये बर्न येथे चौथा क्रमांक आणि लंडन येथे अमेरिकेच्या आयझॅक कॅशडनसमवेत विभागून तिसरा क्रमांक त्यांना मिळाला. फ्लोरशी झालेला छोटा सामना त्यांनी अवघ्या एका गुणाने गमावला. १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडे आले. पाच वर्षांत तीन वेळा ब्रिटिश विजेता होण्याचा हा पराक्रम होता.

हे सारे घडत असताना इंग्लंडची हवा त्यांना कधीच मानवली नाही. हिवतापाचे झटके, सततची सर्दी, घशाचे दुखणे यांनी ते हैराण असत. गळ्याला पट्ट्या गुंडाळून पटावर बसलेले सुलतान खान अनेकांनी पाहिले होते.

याच काळात सर उमर यांच्या लंडनमधील घरातून आणखी एक नाव पुढे आले. मिस फातिमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद दहा विजय, एक बरोबरी आणि तब्बल तीन गुणांच्या आघाडीने जिंकले. त्या वर्षी हेस्टिंग्ज येथेच पुरुषांचे विजेतेपद सुलतान खान यांनी आणि महिलांचे फातिमा यांनी मिळवले. ब्रिटिश साम्राज्याच्या बुद्धिबळाची दोन्ही मानचिन्हे एकाच हिंदी घरात आली. आज महिलांच्या बुद्धिबळात भारताचे नाव गाजत असताना फातिमा यांचे स्मरणही क्वचितच होते.

परतीचा प्रवास आणि एक मराठी प्रतिस्पर्धी

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. वय तिशीचे, खेळ ऐन भरात. मात्र युरोपातील स्पर्धांत ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. तेथे राहायचे तर पैसा हवा, प्रायोजक हवा. त्या काळी बुद्धिबळावर पोट भरणे युरोपातील खेळाडूंनाही कठीण जात होते.

मायदेशातील त्यांच्या शेवटच्या मोठ्या सामन्याशी मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. आकडे एकतर्फी आहेत. पण ज्याने कॅपाब्लांका, रुबिनस्टाइन, फ्लोर यांना हरवले, त्याला एका डावात रोखून धरणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील बुद्धिबळाच्या इतिहासात या अर्ध्या गुणाची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

त्यानंतर पटावर शांतता पसरली. १९४४ मध्ये सर उमर यांचे निधन झाले. सुलतान खान आपल्या गावाजवळ थोडीशी शेती सांभाळत, मोठ्या कुटुंबात राहिले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ते गाव पाकिस्तानात गेले. भारतात १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सुलतान खान तेव्हा सीमेपलीकडे होते. आपल्या मुलांनी बुद्धिबळापेक्षा अधिक उपयोगाचे काही करावे, असे त्यांचे मत होते, अशी आठवण त्यांच्या मुलाने सांगितली आहे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

विलंबाने मिळालेला किताब

दुर्लक्षाची खरी कहाणी यानंतरची आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये प्रथमच अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. पहिल्या यादीत २७ नावे होती. त्यांत केवळ तेव्हा खेळणारे खेळाडू नव्हते. ज्यांचा भर ओसरून बराच काळ लोटला होता, अशा ज्येष्ठांनाही जुन्या कामगिरीबद्दल हा मान देण्यात आला. रुबिनस्टाइन यांचे नाव त्यात होते. टार्टाकोव्हर यांचेही होते. या दोघांनाही हरवलेल्या सुलतान खान यांचे नाव मात्र नव्हते. ते त्या वेळी हयात होते आणि पुढे १६ वर्षे जगले.

असे का झाले असावे? किताबासाठी नाव पुढे करायला पाठीशी संघटना लागते. ज्या इंग्लंडसाठी ते पहिल्या पटावर खेळले, तेथून त्यांना जाऊन १७ वर्षे झाली होती. भारतात महासंघ अद्याप जन्माला यायचा होता, आणि ज्या देशाचे ते नागरिक झाले होते, तो अवघ्या तीन वर्षांचा होता. तीन देशांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोणाच्याच यादीत बसला नाही.

अखेर २ फेब्रुवारी २०२४ रोजी महासंघाचे अध्यक्ष अर्काडी ड्वोरकोविच यांनी पाकिस्तान भेटीत सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब प्रदान केला. पाकिस्तानचे तत्कालीन काळजीवाहू पंतप्रधान अन्वर उल हक काकर यांनी तो स्वीकारला. कॅपाब्लांकावरील विजयाला तेव्हा ९३ वर्षे झाली होती.

नोकर की खेळाडू?

आणखी एक हिशेब अद्याप पुरता मिटलेला नाही. पाश्चात्त्य लेखनात सुलतान खान यांची ओळख प्रामुख्याने नवाबाचा नोकर अशीच राहिली. १९३३ च्या फोकस्टोन ऑलिंपियाडनंतर अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या लंडनमधील घरी गेला असता, ज्यांच्याशी पटावर झुंजलो तेच सुलतान खान आपल्याला जेवण वाढत आहेत, हे पाहून आपण ओशाळलो, अशी आठवण रुबेन फाइन या अमेरिकन खेळाडूने लिहून ठेवली. ती पुढे शेकडो वेळा उगाळली गेली. २०२० मध्ये डॅनियल किंग या ब्रिटिश ग्रँडमास्टरने लिहिलेल्या चरित्राच्या उपशीर्षकातही भारतीय नोकर हे शब्द आहेत.

सुलतान खान यांच्या कुटुंबीयांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. आपले घराणे पिरांचे आणि जमीनमालकांचे होते, ते निरक्षर नव्हते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते आश्रयदाता व कलावंत असे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे हे नाते समजायला अवघड जाऊ नये. कोल्हापूर, सांगली, बडोदा येथील संस्थानिकांच्या पदरी मल्ल होते, गवई होते. त्यांना तनखा मिळे, राहायची सोय होई, आणि दरबारी रीतीप्रमाणे यजमानाच्या पाहुण्यांची सरबराईही ते करत. म्हणून कोणी त्या मल्लाला वा गवयाला घरगडी म्हणत नाही.

अर्थात, आश्रितपणाला मर्यादा होत्याच. आश्रयदाता परतला की आश्रितालाही परतावे लागे. आपली कारकीर्द कधी थांबवायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य सुलतान खान यांना नव्हते, आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जड गोष्ट कदाचित हीच होती. तरीही त्या चार-साडेचार वर्षांत पटावर जे घडले, ते त्यांचे स्वतःचे होते. हेस्टिंग्जच्या त्या डावातील पासष्ट चाली कोणा नवाबाने सुचवल्या नव्हत्या.

खान्देशातील मुले आज संगणकावर सराव करतात. डावाच्या पहिल्या वीस चाली त्यांना मुखोद्गत असतात. ही प्रगती आनंदाचीच आहे. परंतु प्रशिक्षकांनी एखाद्या संध्याकाळी सुलतान खान विरुद्ध कॅपाब्लांका हा डाव पटावर मांडून दाखवावा. त्यात पाठांतराचे काही नाही. राजा मधल्या घरात उभा आहे, समोर एकटा वजीर येरझारा घालतो आहे, आणि एक माणूस घाई न करता एकेक घर पुढे सरकतो आहे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला तो डाव पाहून थांबावेसे वाटले, तरी सुलतान खान यांची उपेक्षा थोडी कमी होईल.